वाळूची उभी बाजू

१

पल्लवीला वाटलं होतं, गोदावरी तिची वाट पाहत असेल.

हॉलंडमध्ये काचेच्या लांबलचक हौदापुढे उभी राहून, पाण्याबरोबर वाळूचा एकेक कण उड्या मारत कसा पुढे जातो ते ती तासन्‌तास बघायची, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे कायम नाशिकच्या खालची नदी असायची. करडं, रुंद पात्र, मधोमध नितळ धार, काठाला टरबुजांच्या वाड्या. आपण परत जायचं, नदीची वाळू मोजायची, किती उपसली तर नदी जगते आणि किती उपसली तर मरते हे लोकांना पटवून द्यायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. बरोबरीच्या मुली तिकडेच नोकऱ्या धरून राहिल्या. पल्लवीला त्यांची कीव यायची.

परत आली तर पात्रात वाळू नव्हतीच, खड्डे होते. खड्ड्यांवर पानवेली माजलेल्या, काठाच्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, आणि जिथे धार असायला हवी तिथे मच्छरांचं घोंगावणं. टरबुजांच्या वाड्यांबद्दल विचारलं तर लोक हसायचे. ज्या सल्लागार कंपनीनं तिला मोठ्या कौतुकानं नोकरीवर घेतलं, तिला नदी जगवायची नव्हती. तिला एक वाक्य हवं होतं: उपशाचे खड्डे पावसाळ्यात आपोआप भरून येतात. त्या वाक्याखाली परदेशात शिकलेल्या बाईची सही. अंबडच्या कारखान्यात सगळा जन्म घालवलेले तिचे वडील फोनवर म्हणाले, "पहिलीच नोकरी आहे, जरा दमानं घे." तिला दमानं घ्यायचं नव्हतं. खड्डे भरतात का, ते मी मोजून सांगेन, असं कंपनीच्या सरांना बजावून ती सायखेड्याच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका लहान गावात येऊन राहिली.

खोली धनराजशेठची. हा माणूस द्राक्षबागायतदार, आणि वाळूचा ठेकाही त्याचाच. छाटणीच्या मजुरांसाठी त्यानं बांधलेल्या दोन खोल्या होत्या, पाठीला पाठ लावून. पल्लवीचं दार नदीकडे उघडायचं, मागच्या खोलीचं गावाकडे. मधल्या भिंतीच्या पायाशी जुन्या मोरीचं एक भोक होतं. त्यातून झुरळं यायची आणि पलीकडच्या चुलीचा धूर, म्हणून आल्या आल्या पल्लवीनं त्यात चिंध्या कोंबल्या, वरून सिमेंट लिंपलं आणि भिंतीला लावून पलंग टाकला.

वैशाखाचे दिवस होते. दुपारी नदीकडून वारा सुटायचा आणि दाराखालच्या फटीतून बारीक वाळू आत यायची. रोज सकाळी चहाचं आधण ठेवायचं, ते उकळेपर्यंत शहाबादी फरशी झाडून घ्यायची आणि सगळी वाळू दाराबाहेर लोटून द्यायची, हा पल्लवीचा नेम झाला. या कामाचा तिला कंटाळा नव्हता. वारा वाळू उचलतो आणि माणूस ती परत टाकतो, यात तिला थोडी गंमतच वाटायची.

२

पाठीमागच्या खोलीत लहानू आणि त्याची बायको सगुणाबाई राहायची. पेठकडच्या डोंगरातून दोघं द्राक्षाच्या छाटणीला आली ती इथेच राहिली. पुढे लहानू शेठच्या उपशाच्या बोटीवर लागला. पाण्यात बुडी मारायची, तळाशी पंपाच्या पाइपाचं तोंड वाळूत धरून ठेवायचं, आणि श्वास संपला की वर यायचं, हे त्याचं काम. पूर्वी कधीतरी पायावर पाइप पडला होता, तेव्हापासून डावं पाऊल तो आडवं टाकायचा. पाण्यात तेवढं बरं चालता येतं, असं म्हणून हसायचा.

खड्ड्यातली वाळू खड्ड्यातच राहते की पुढे जाते, हे बघायला पल्लवीनं नाशिकहून वाळू रंगवून आणली होती, भगव्याच्या जवळ जाणाऱ्या नारिंगी रंगाची. ती सर्वांत मोठ्या खड्ड्याच्या तळाशी पसरायला लहानूच गेला. वर आला तर हात, कपाळ, मिशा, सगळं नारिंगी झालेलं. "नाशकातल्या लोकांची रंगपंचमी झाली, आमची आज," म्हणाला. काठावर बसलेली सगुणाबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

त्या संध्याकाळी पल्लवीनं दोघांना अंगणात बसवून सगळं समजावून सांगितलं. परातीत वाळू घेतली, एका कडेनं तांब्यानं पाणी सोडलं. वाळूवर बारीक वळ्या उठल्या. तिनं बोट लावून दाखवलं: प्रत्येक वळीची एक बाजू निवांत चढते, दुसरी एकदम उभी उतरते. कण चढावरून ढकलला जातो आणि उभ्या बाजूनं खाली पडतो, मग त्याच्यावर पुढचा. म्हणजे उभी बाजू जिकडे, तिकडे पाणी चाललंय. पाणी निघून गेलं, नदी आटली, तरी वाळूवर ते लिहिलेलं राहतं. बोलता बोलता ती इतकी रंगली की चहा निवून गेला.

"म्हंजे वाळू जिकडं चालली तिकडंच तोंड करून बसती," लहानू म्हणाला.

"बसते. आणि कधी खोटं बोलत नाही."

"मग ती शेठच्या कामाची नाय," सगुणाबाई म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पल्लवी कामाला नाशिकला गेली. परत आली तेव्हा उपशाची बोट काठाला ओढून ठेवलेली होती. मोठ्या खड्ड्याची एक कड ताजी ढासळलेली दिसत होती आणि लहानू कुठे नव्हता. शेठनं सांगितलं, तो अंबडला गेला, कंपनीत वॉचमन लागला. मजुरांनीही तेच सांगितलं, सगळ्यांनी त्याच शब्दांत. सगुणाबाई चौकीत जाऊन आली. नवरा नोकरीला गेलाय म्हणतात, तर थोडी वाट बघ, असं तिला तिथे सांगण्यात आलं. लहानूचा सदरा आणि चपला तिला खड्ड्याच्या काठावर सापडल्या होत्या. अंबडला माणूस अनवाणी जातो का, हे तिनं ज्याला त्याला विचारलं.

मयत नाही, म्हणून क्रियाकर्म करायलाही कोणी येईना. मग सगुणाबाईनं जे एकटीला जमण्यासारखं होतं ते केलं. मधल्या भिंतीच्या पायाशी दिवा लावला, त्याच्यापुढे पीठ पसरून हातानं सपाट केलं आणि वर टोपली पालथी घातली. गेलेला माणूस रात्रीत घरी येऊन जातो आणि पिठावर पाऊल उमटतं. चिमणीचं असेल, गाईचं असेल, त्यावरून त्याला कोणता जन्म मिळाला ते कळतं. हे एकाच रात्रीपुरतं करायचं असतं. पण सकाळी टोपली उचलली तर पीठ होतं तसंच सपाट होतं. मग तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरलं, आणि तिसऱ्या दिवशीही.

"अजून पोचले नाय," ती पल्लवीला म्हणाली. "पाय अधू हाय ना."

पंप लावून खड्डा उपसला पाहिजे, असा एक मेल पल्लवीनं तावातावानं कंपनीला पाठवला. हा आपल्या कामाचा भाग नाही, असं एका ओळीचं उत्तर आलं.

३

काहीतरी चुकतंय हे तिच्या लक्षात आलं ते एका साध्या सकाळी. चहाचं आधण ठेवलं, झाडू हातात घेतला, आणि तो हात तसाच थांबला.

फरशीवर वळ्या होत्या.

बारीक, एकसारख्या, दारापासून पलंगापर्यंत. हौदात पडायच्या तशा. पल्लवी आधी हसली. खोलीत वारा शिरला, वाळू सरकली, वळ्या पडल्या, यात नवल ते काय. वाळवंटं अशीच घडतात. तिनं कौतुकानं खाली वाकून पाहिलं, आणि तिचं हसू मावळलं.

वारा आणि पाणी दोघेही वळ्या पाडतात, पण दोघांचा हात वेगळा. वाऱ्याला जाड कण उचलता येत नाही, तो त्याला ढकलत ढकलत वळीच्या माथ्यावर नेऊन ठेवतो. पाणी जाड कण खोलगटात टाकून पुढे निघतं. ज्यानं हाताच्या बोटांनी एवढे नमुने चाळले आहेत, त्याला हे डोळे मिटूनही कळतं. पल्लवीनं बोट फिरवलं. माथ्याला मऊ लागलं. खोलगटात खरखरीत.

तिनं तळहात फरशीला टेकवला. फरशी कोरडी ठणठणीत होती, आणि उन्हाळ्यातली फरशी सकाळी असते तशी जराशी गार.

वाळू बारीक आहे, बोटाला फरक कळत नसेल. नदीवरून येणारा वारा दमट असेल. परवा पाण्याचा माठ सांडला होता, तेव्हाचं काही असेल. अशी कारणं ती मनाशी मांडत गेली आणि प्रत्येक कारण तिनंच खोडून काढलं, कारण तिला हेच शिकवलं होतं. शेवटी ती चिडली, सगळं झाडून दाराबाहेर लोटलं, आणि संध्याकाळी दाराच्या फटीला ओलं गोणपाट घट्ट कोंबून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गोणपाट जागच्या जागी होतं. वाळू आदल्या दिवसापेक्षा जास्त होती.

या खेपेला पलंगाच्या पायांपाशी वेगळं काही होतं. सायखेड्याच्या पुलाच्या खांबांपाशी ते कोणालाही बघायला मिळेल: वाहतं पाणी खांबाला आपटतं, खांबापुढची वाळू उकरून घोड्याच्या नालेसारखी खळगी करतं, आणि खांबाच्या पाठीशी वाळूचं एक निमुळतं शेपूट सोडतं. पलंगाच्या पुढच्या दोन्ही पायांना तशा खळग्या पडल्या होत्या. मागे शेपटं होती. रात्रभर या खोलीतून नदी वाहिली होती आणि ती त्या नदीवर झोपली होती.

वळ्यांची उभी बाजू कुठे आहे ते तिला बघायचं नव्हतं. पण डोळ्यांना सवय होती. उभी बाजू पलंगाकडे होती.

त्या दिवसापासून ती जास्त जोर लावून झाडू लागली. कोपरे, उंबरा, पलंगाखालची जागा, काही म्हणून सोडत नव्हती. झाडून झालं की वाळू पाटीत भरायची आणि लांब, पार उतारावर नेऊन ओतायची. सकाळी पुन्हा वळ्या असायच्या. फक्त त्या झाडण्यानं एक व्हायचं, वळ्या पलंगाच्या पुढे जात नसत. तिथपर्यंत यायच्या आणि थांबायच्या.

४

धनराजशेठ आला तेव्हा ती पाटी घेऊन उभी होती.

पांढरा सदरा, बोटात अंगठ्या, बोलणं एकदम साखरेचं. हॉलंडच्या मॅडम स्वतः केर काढतात म्हणजे कमालच आहे, असं म्हणून त्यानं खुर्ची ओढून घेतली. मग हळूहळू मुद्द्यावर आला. पाहणीला साहेब लोक येणार होते. त्यांच्या आधी अहवाल जायला हवा, आणि पात्र सपाट दिसायला हवं. अहवालात खड्डा आपोआप भरतो असं आलं, की तो मुरूम टाकून सगळं एका लेव्हलला आणून देणार होता.

"खड्डा भरत नाही," पल्लवी म्हणाली. "वरून येणारी वाळू खड्डा गिळतो, खालच्या नदीला काही मिळत नाही. मी मोजलंय."

"तेच तर. मी भरतो ना."

"मुरूम टाकून?"

"नदीनं भरलं काय आन् मी भरलं काय. भरल्याशी मतलब." तो हसला. "तुमचं शिक्षण लय मोठं, मॅडम. सही तेवढी एवढुशीच लागती."

बोलता बोलता पल्लवीची नजर हातातल्या पाटीत गेली. करड्या वाळूत काहीतरी चमकलं. तिनं चिमूट उचलली. तळहातावर दोन-चार नारिंगी कण होते. तिनं वाळू हलवली, आणखी निघाले.

तो रंग या नदीत एकाच ठिकाणी होता. मोठ्या खड्ड्याच्या तळाशी. खड्डा तर वाळूचा सापळा असतो, आत पडलेला कण पुराशिवाय वर येत नाही. आणि आला असता, तरी तो नदीबरोबर खाली जायला हवा. ही खोली खड्ड्याच्या वरच्या अंगाला होती, काठावर, चढावर.

"काय झालं?" शेठनं विचारलं.

काही नाही, असं ती म्हणाली. उद्या सांगते, असंही म्हणाली. आणि तो जायला उठला तेव्हा तिच्या मनात जे आलं त्याची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली. तिला वाटलं, टाकू दे मुरूम. ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर टाकू दे, वरून रोलर फिरवू दे. खड्डा बुजला की त्यातून काही वर यायचं नाही. एका सहीचं तर काम. जिनं आगबोटीइतक्या मोठ्या हौदापुढे उभं राहून नदीची शपथ घेतली होती, ती पल्लवी त्या दुपारी पेन शोधत होती.

पेन सापडलंही. पण आधी तिला मागच्या खोलीत जाऊन यावंसं वाटलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. कदाचित सगुणाबाईनं लहानू अंबडला आहे असं एकदा म्हणावं, एवढीच तिची अपेक्षा असेल.

५

सगुणाबाई उंबऱ्यात बसून नाचणीचं पीठ चाळत होती. आत भिंतीशी दिवा तेवत होता, शेजारी टोपली पालथी. इतक्या दिवसांत तिनं खोली झाडलेली दिसत नव्हती. सुतकात केर काढायचा नाही, असं ती म्हणाली. मग पल्लवीकडे नीट बघत विचारलं, "झोप नाय का, ताई? तोंड लय उतरलं."

पल्लवीनं ठरवलं होतं काही सांगायचं नाही. पण त्या प्रश्नापुढे तिचं काही चाललं नाही. वळ्या, खोलगटातले जाड कण, पलंगाच्या पायांशी पडलेल्या खळग्या, सगळं सांगून टाकलं. शेवटी मूठ उघडून नारिंगी कण दाखवले. सगुणाबाई ओरडली नाही, रडली नाही. तिनं एक कण बोटाच्या टोकावर घेतला आणि दिव्याशी धरून बघत राहिली.

"मिशीला लागलेला," ती म्हणाली.

मग तिनं विचारलं, "उभी बाजू कुणीकडं असती?"

"माझ्या पलंगाकडे." पल्लवी म्हणाली. "माझ्याकडे, मावशी. मी काय केलंय त्याचं?"

"पलंगाच्या मागं काय हाय?"

"भिंत."

"आन् भिंतीच्या मागं?"

पल्लवीनं मान वर केली. समोर दिवा होता. दिव्याच्या मागे भिंत, भिंतीच्या पायाशी मोरीच्या जुन्या भोकाचं या बाजूचं तोंड, आत चिंध्यांचा बोळा. भोकापुढेच पीठ पसरलेलं होतं. वळ्या कोणाच्या अंगावर चालून येत नव्हत्या. त्या सरळ रेषेत घरी चालल्या होत्या, नदीकडून दारात, दारातून खोलीत, पलंगाखालून या भोकाकडे. एकेक कण उडी मारत, पडत, पुढच्याला ढकलत. इतक्या हळू की कोणाला कळू नये. आणि रोज सकाळी आधण उकळेपर्यंत कोणीतरी ते झाडून परत नदीच्या उतारावर नेऊन टाकत होतं.

"रोज झाडत होती का?" सगुणाबाईनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"रोज."

सगुणाबाईनं चाळणी खाली ठेवली. "मी म्हणत होते, पायामुळं उशीर लागतोय."

तिथून उठून पल्लवीनं बाहेरूनच सरांना फोन लावला. मी सही करणार नाही, म्हणाली. खड्डा बुजवू नका, त्यात माणूस आहे, म्हणाली. सर शांतपणे ऐकत होते. नंतर समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, तुझी सही आहे की आपल्याकडे, स्कॅन केलेली. अहवाल मघाशीच गेला. तू आता चार दिवस घरी जाऊन आराम कर."

६

संध्याकाळी वीज गेली. खोलीत अजून उजेड होता, दाराच्या फळ्यांमधून येणारा, मातकट. पल्लवी पलंगावर पाय आखडून बसली होती. दिवसभरात पुन्हा आलेली वाळू फरशीवर तशीच पडलेली होती. दुपारपासून तिनं झाडूला हात लावला नव्हता, पण ठरवून असं काही केलं नव्हतं. झाडायचा धीर झाला नव्हता, इतकंच.

आधी आवाज आला. परातीत तांदूळ फिरवावेत तसा, सगळ्या फरशीभर, एकसारखा. तो वाऱ्याचा नव्हता. बाहेर पिंपळ सळसळत नव्हता. ओल्या गाळाचा वास आला. तिनं मुद्दाम हात खाली नेऊन फरशीला लावला. कोरडी.

आणि वाळू चालू लागली.

ती कशी चालते ते पल्लवीनं हौदात हजारदा पाहिलं होतं, पण तिथे वर पाणी असायचं. इथे वर काही नव्हतं. कण चढावरून सरकत होते आणि उभ्या बाजूनं घरंगळत होते, वळी जराशी पुढे जात होती, तिच्यामागे दुसरी. पलंगाच्या पायांपुढची वाळू आपोआप उकरली जात होती, पाठीमागे शेपटं लांब होत होती. हे असं होत असतं, ती मनाशी म्हणाली. प्रवाहात काही उभं असलं की असंच होतं. हे माहीत असलेलं आहे. यात भिण्यासारखं काही नाही.

मग तिला खोलीच्या मधोमध दोन खळग्या दिसल्या.

तिथे पलंगाचा पाय नव्हता. खुर्ची नव्हती, काहीच नव्हतं. मोकळ्या फरशीवर घोड्याच्या नालेसारख्या दोन खळग्या, एकीपासून दुसरी हातभर अंतरावर, आणि प्रत्येकीच्या पाठीशी वाळूचं शेपूट. उजवी सरळ होती. डावी आडवी. दोन्हींच्या तळाशी नारिंगी कण जमत होते.

पल्लवी बघत असताना उजवी खळगी हळूहळू भरून आली, सपाट झाली, आणि वीतभर पुढे, पलंगाच्या दिशेनं, नवी उकरली जाऊ लागली. नंतर डावी.

तिनं डोळे मिटून घेतले. आवाज पलंगाखाली आला, तिच्या अगदी खाली. भिंतीशी गेला आणि अडला. वाळू सिमेंटवर घासली जात होती, घासली जात होती, एखाद्यानं दमलेल्या हातानं दार ठोठावावं आणि आतून कोणी उघडू नये तशी. भिंतीच्या पलीकडून सगुणाबाईच्या बांगड्यांचा आवाज आला. तीही तिथेच बसली होती, भोकाच्या दुसऱ्या बाजूला, हातभर अंतरावर. दोघांच्या मधे पल्लवीनं लिंपलेलं सिमेंट होतं.

वीज आली तेव्हा सगळं थांबलं होतं. पल्लवीनं खाली उतरून पाहिलं नाही.

७

सकाळी ट्रॅक्टरांच्या आवाजानं ती उठली. दार किलकिलं करून तिनं पाहिलं: मोठ्या खड्ड्याच्या काठावर ट्रॉल्या रांगेनं उभ्या होत्या, मुरूम ओतला जात होता आणि पानवेलींवर लाल धूळ बसत होती. धनराजशेठनं लांबूनच हात केला. अहवालात लिहिल्याप्रमाणे खड्डा भरत होता. रात्रीच तिनं मिळतील त्या सगळ्या पत्त्यांवर लिहून पाठवलं होतं, की ती सही माझी नाही आणि त्या खड्ड्यात लहानू नावाचा माणूस आहे. त्या पत्रांचं काय होणार हे तिला आता कळत होतं. कोणीतरी वाचेल. तोपर्यंत वरून रोलर फिरलेला असेल, आणि पावसाळ्यानंतर कोणालाच काही दाखवता येणार नाही. हॉलंडहून ती जे काही घेऊन आली होती, त्यातलं या नदीच्या उपयोगाला काही आलं नव्हतं. शेठच्या उपयोगाला तेवढी सही आली होती.

तिनं चहाचं आधण ठेवलं नाही.

फरशीवरच्या वळ्यांच्या कडेकडेनं, एकही मोडणार नाही अशी पावलं टाकत ती भिंतीपाशी गेली. पलंग उचलून बाजूला घेतला. फरफटत नेला नाही. सिमेंटच्या पायाशी नारिंगी वाळूचा छोटा ढीग झाला होता, त्याला तिनं हात लावला नाही. दगडांचे नमुने फोडायची हातोडी तिच्याकडे होती. तिनं सिमेंटवर घाव घालायला सुरुवात केली. सिमेंट वाटलं होतं त्यापेक्षा कच्चं निघालं. पहिल्या खपल्या पडल्या तेव्हा पलीकडे टोपली सरकल्याचा आवाज झाला.

"कोण हाय?" सगुणाबाईनं विचारलं.

"मीच, मावशी."

पल्लवीनं चिंध्यांचा बोळा ओढून काढला. भोकातून दिव्याचा उजेड या बाजूला आला, आणि त्या उजेडात पसरलेलं पीठ दिसलं, ताजं, सपाट, अजून कशाचीच खूण नसलेलं. पिठाच्या कडेला सगुणाबाईचा हात टेकलेला होता.

पल्लवी उठली. वडिलांना फोन करून दुपारच्या गाडीनं येते म्हणायचं, हे पहाटेपर्यंत तिच्या मनात होतं. बॅगही भरलेली होती. तिनं बॅग उघडून कपडे परत खुंटीला लावले. झाडू उचलला, दारातून बाहेर लांब भिरकावला, आणि दाराच्या फटीतलं गोणपाट काढून दार सताड उघडं टाकलं. आज रात्रीही आपण इथेच राहायचं, आणि काहीही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत, असं तिनं ठरवलं.

मग वाट मोकळी ठेवून ती भिंतीच्या कडेला बसली.